अंगठ्याखालून गेलेला डबा

निरीक्षकबाई अकराला येणार होत्या, आणि नऊ वाजल्यापासून थोरला भाऊ सोडून घरचे सगळे कारखान्याच्या नमुनाखोलीत जमले होते. तिथे बसायला दोनच स्टुलं. बाकी चारही भिंतींना लोखंडी फळ्या आणि फळ्यांवर डबे. दिवसभरात जेवढा माल भरला जाईल त्यातला एक डबा इथे आणून ठेवायचा, झाकणावर ठोकलेला आकडा वर दिसेल असा, आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही, हा आप्पांनी घालून दिलेला नियम. आप्पा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. नियमाची तब्येत मात्र अजून ठणठणीत होती.

आत्या फडकं घेऊन फळ्या पुसत होती. आप्पांच्या तिघा मुलांतली ती मधली. एकुलत्या एका भाचीची आत्या म्हणता म्हणता ती सगळ्या कारखान्याचीच आत्या झाली होती, आणि या खोलीची किल्ली गेली तीस वर्षं तिच्याच कमरेला होती. फळ्या काल संध्याकाळीच पुसून झाल्या होत्या. पण हात रिकामे राहिले की नजर सातव्या फळीवरच्या वाटाण्याच्या डब्याकडे जात होती, म्हणून ती पुसत होती.

हा डबा ज्या दिवशीचा, त्याच दिवशी भरलेले वाटाण्याचे डबे गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात गेले होते. आधी एका आजोबांना एकाच्या जागी दोन-दोन दिसायला लागलं. म्हातारपणी काय काय दिसतं, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग चौघांच्या पापण्या उघडेनात. मग घास उतरेना, मग श्वास. नऊ जण दवाखान्यात होते, त्यांतले दोघं शनिवारी गेले आणि तिसऱ्या आजी आज पहाटे.

"ताई, तो डबा खाली काढ," धाकटा म्हणाला.

"हात लावायचा नाही."

"आप्पा वरून बघत नाहीयेत. काढ."

"आणि काढून काय करू? लोणचं घालू?"

धाकट्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एवढ्या हजारो डब्यांतला एक नसला तर कुणाला कळणार आहे? आश्रमातले डबे त्यांच्या आचाऱ्याने आपटले असतील. पोचा पडला की शिवण सुटते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण आपल्याच फळीवरच्या डब्यात दोष निघाला, तर बोलायला तोंड उरणार नाही."

आत्याने फडकं झटकलं. तिला धाकट्याचं म्हणणं पटलं नव्हतं, पण तिच्या मनात दुसरीच भीती होती, आणि त्या भीतीला हा उपाय चालण्यासारखा होता. "तेवढीच जागा रिकामी दिसेल," ती म्हणाली. "आजूबाजूचे सरकवून घ्यावे लागतील."

म्हणजे आत्या तयार झाली. या घराण्याला एक खोड आहे. नियम मोडायचा ठरला की मोडण्यातही टापटीप पाहिजे.

"कोणी काही सरकवणार नाही," कोपऱ्यातून मुलगी म्हणाली. थोरल्याची ही मुलगी शिकून आल्यापासून कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळत होती. जाईल तिथे पत्र्याची जाडी मोजायचं मायक्रोमीटर काढायची, म्हणून काकाने तिचं नाव मोजपट्टी पाडलं होतं. आता ती स्टुलावर मांडीवर वही घेऊन बसली होती आणि तिने वही अजून उघडलेली नव्हती. "काका, माणसं मेलीत."

"मला माहीत नाही? त्या आश्रमात मी गेलो होतो. मी!"

धाकटा खरंच गेला होता, आणि हेच त्याला आतून खात होतं. आश्रमात उन्हाळ्यात पोटाची साथ आली, तेव्हा तिथल्या व्यवस्थापिकेसमोर बसून त्याने अर्धा तास डब्याचं गुणगान केलं होतं. बाई, काचेची बरणी फुटते, आणि तुमच्याकडे अनवाणी फिरणारी म्हातारी माणसं. पिशवीला टाचणी लागली तरी खेळ खलास. डब्यात उजेड शिरत नाही, हवा शिरत नाही. आम्ही आधी झाकण लावतो आणि मग बंद डब्यातच अन्न शिजवतो, म्हणजे आत जिवंत असं काही उरतच नाही. वीज गेली, फ्रिज बंद पडला, तरी डब्याला फरक पडत नाही. एकावर एक रचा, कपाटात ठेवा, दोन वर्षांनी उघडा. आणि रिकामा झाला की परत द्या, वितळून पुन्हा डबाच होतो, कितीही वेळा, पत्र्याला मरण नाही.

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. तोच तर वांधा. खोटं बोलून माल गळ्यात मारला असता तर निदान स्वतःला शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. खरं सांगितलं, ऐकणारीला पटलं, आणि म्हातारी माणसं गेली, आता शिवी कोणाला द्यायची हे त्याला चार दिवस कळत नव्हतं.

दार उघडलं आणि थोरला आत आला. आत्या फळीपासून दूर झाली, धाकट्याने उगाच घसा साफ केला. वयाची चौसष्टी गाठली तरी दादा आत आले की खोली सरळ उभी राहायची.

"काय खलबतं चालली आहेत?"

"काही नाही दादा. तो डबा—"

"द्यायचा. विचारायचं काय त्यात? बाई आल्या की माझ्या हाताने देतो. तो दोषी नाही म्हणून आपणच सांगितलं पाहिजे ना?" तो दुसऱ्या स्टुलावर बसला. "माझ्या अंगठ्याखालून गेलाय तो."

आता या अंगठ्याबद्दल बोलायला हवं. डब्याचं सगळं शहाणपण त्याच्या शिवणीत असतं. डब्याची कड आणि झाकणाची कड एकमेकींत दोनदा दुमडायच्या आणि वरून दाबायच्या, एवढंच. पण यंत्राचा दाब एखाद्या जागी केसभर जास्त झाला, की आतल्या बाजूने पत्र्याला धार येते. डोळ्याला दिसत नाही. तिथे पत्रा विरतो, आणि गरम डबा पाण्यात थंड होताना आत श्वास ओढतो, तेव्हा त्या फटीतून थेंबभर पाणी आत जातं. तेवढं जंतूंना पुरतं. आप्पा ही धार अंगठ्याने ओळखायचे. त्यांच्यामागे थोरला. यंत्र सुरू झालं की पहिला डबा त्याच्याकडे यायचा, तो कडेच्या आतून अंगठा गोल फिरवायचा, आणि त्याने मान हलवली की पट्टा सुटायचा, आणि तोच डबा पुढे नमुनाखोलीत जायचा. कामगार त्याला मागून अंगठेबहाद्दर म्हणत, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करी, कारण मनातून त्याला ते आवडायचं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "डबा द्यायचाच आहे. पण तो चांगला आहे म्हणून नाही."

"मग कशासाठी?"

"खरं काय ते कळावं म्हणून."

"एकच झालं की!" थोरला हसला. "बघा, पोरीला अक्कल आहे. तुम्ही दोघं मात्र डबा पळवायला निघाला होतात. तोंडावरून कळतंय."

मुलीने वहीवरचा हात उचलला नाही. बाबांनी आपली बाजू घेतली याचं तिला रडू येत होतं. वहीत त्या दिवसाचं पान होतं आणि पानावर तिच्या हाताचे आकडे. दर दोन तासांनी एक डबा कापायचा, शिवणीचा तुकडा मोजायचा, तीन जागी, आणि लिहायचं. दोन वर्षांपूर्वी एकदा तिचे आकडे आणि बाबांचा अंगठा जुळला नव्हता. ती हटून बसली, पट्टा थांबवला, यंत्र उघडलं, आणि ती बरोबर निघाली. सगळ्या कामगारांसमोर. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी तिला म्हणाले, "आता म्हाताऱ्याला कशाला विचारताय, मोजा तुमचं तुम्ही." त्यांचा तो चेहरा पुन्हा बघायची तिची छाती नव्हती. त्यानंतर आधी त्यांना विचारायचं आणि मग मोजायचं, असं तिने सुरू केलं. आकडा थोडा इकडेतिकडे असला तर जुळवून घ्यायचं. मग हळूहळू मोजण्याचाही कंटाळा यायला लागला, कारण उत्तर आधीच ठरलेलं असायचं.

"ताई, डबा दे इकडे," थोरला म्हणाला. "बाई येईपर्यंत यांचा तरी संशय फिटू दे."

"राहू दे ना दादा. त्यांनाच बघू दे."

"दे म्हणतो ना."

आत्याने डबा काढून दिला. फळीवर धुळीत एक स्वच्छ गोल राहिला. थोरल्याने डबा डाव्या तळहातावर घेतला, उजवा अंगठा कडेच्या आत टेकवला आणि डोळे मिटले. आप्पाही मिटायचे. अंगठा सावकाश फिरू लागला.

धाकट्याने सगळ्यात आधी पाहिलं. अर्ध्या फेरीतच झाकणावर लाल रेघ उमटली. अंगठा पुढे गेला, रेघ त्याच्यामागून आली. थोरल्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, उलट जरा समाधानच होतं. मुलगी उठून उभी राहिली, वही खाली पडली. अंगठा पूर्ण फिरून पहिल्या जागेवर आला आणि तिथून पुन्हा फिरला, त्याच धारेवरून, आणि रक्त आता मनगटावरून बाहीत जाऊ लागलं.

"घ्या," थोरला डोळे मिटूनच म्हणाला. "साईसारखी शिवण आहे. कुठे म्हणून लागत नाही."

"दादा," धाकटा म्हणाला. "हात बघ."

थोरल्याने डोळे उघडले. आधी त्याला वाटलं डबाच फुटलाय. मग त्याने अंगठा वर धरला, उलटसुलट करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. आत्याने पदर फाडायला घेतला, मग हातातलं फडकंच बांधायला पुढे झाली, तसा तो तिच्यावर ओरडला, "हे कसं झालं? कधी?"

"आत्ता. आमच्या देखत," आत्या म्हणाली. "तुला कळत नाही दादा. कधीपासूनच कळत नाही."

"कोण म्हणतं?"

"तुझ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं कोणी लावली? मी लावली. बटण घालता घालता तू रडकुंडीला यायचास. परवा अंगणातून एका पायात चप्पल घालून आलास, दुसरी फाटकापाशी पडलेली, तुला पत्ता नाही. साखरेने हातपाय बधिर केलेत तुझे."

"मग तेव्हा बोललीस का नाही?"

"काय बोलू? अंगठा काढून घेतला तर तुझ्यापाशी राहतं काय?"

थोरला धाकट्याकडे वळला. "आणि तू?"

धाकट्याला खोटं बोलता आलं असतं. जन्मभर विक्री केलेला माणूस. पण त्याच्या अंगातला जीवच गेला होता. "गेल्या वर्षी वाफेच्या भट्टीतून काढलेला डबा हातात धरून तू माझ्याशी बोलत उभा होतास. मी त्याला बोट लावलं तर चटका बसला. तुझ्या तळहाताला फोड आले दुसऱ्या दिवशी. मी ओळखलं. पण दादा, तुझा अंगठा दाखवून मी माल विकतो. त्या आश्रमाच्या बाईलाही आणलं होतं इथे. यंत्राच्या वर आमच्याकडे माणूस आहे, असं सांगितलं तिला."

"म्हणजे तुम्हां सगळ्यांना माहीत होतं."

आपण एकट्यानेच पाहिलंय आणि आपण एकट्यानेच झाकलंय असं तिघांनाही वाटत आलं होतं. प्रेमापोटी, धंद्यापोटी, भीतीपोटी. बंद करण्यात या घराण्याचा हात कोणी धरला नसता.

थोरल्याचं मात्र त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो आत कुठेतरी मागे मागे जाऊन बघत होता. बोटांची टोकं सुन्न असतात हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण अंगठा वेगळा, अंगठ्याला कळतं, असं तो धरून चालला होता. आणि अंगठ्याला कळावं काय, तर न लागणं. पोरवयात आप्पांनी हात धरून शिकवलं होतं, लागलं तर वाईट, लागलं नाही तर चांगलं. गेली तीन वर्षं त्याला एकही डबा लागला नव्हता. तो रोज घरी जाऊन म्हणायचा, काय सुरेख यंत्र चाललंय, आप्पांच्या काळातसुद्धा असं काम होत नव्हतं. ते दोन उपाशी दिवस सोडले तर त्या तीन वर्षांत तो जितका सुखी होता तितका आधी कधीच नव्हता.

"वही तर आहे ना?" त्याने एकदम मुलीला विचारलं. तो आशेने विचारत होता, आणि ती आशा बघवत नव्हती. "माझं चुकलं असेल. पण तू मोजतेस. त्या दिवशी मोजलंस ना?"

"तुम्हाला विचारलं होतं मी, बाबा. तुम्ही म्हणालात पक्कं आहे."

"आणि मग मोजलंस."

"नाही."

"एकदाही?"

"यंत्र सकाळी अडकलं होतं, उशीर झाला होता. तुम्ही पक्कं म्हणालात. मी आकडे लिहिले." तिने खाली पडलेल्या वहीकडे पाहिलं. "मोजलं असतं आणि वेगळं निघालं असतं तर पुन्हा तुम्हाला सांगावं लागलं असतं."

आत्याच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. इतका वेळ ती भावाला वाचवत होती. वहीवर सही भावाची नव्हती. "डबा फळीवर ठेव," ती धाकट्याला म्हणाली, मग लगेच, "नको, पळव. नको नको, धू आधी. अरे, पोरीची सही आहे वहीवर!"

"आता काही पळवायचं नाही, ताई," धाकटा म्हणाला. पाऊण तासापूर्वी पळवायला निघालेला हाच. "आता पळवलं तर ती आणखी अडकेल."

"कोणी अडकत नाही," थोरला उठला. त्याने बांधलेला हात छातीशी धरला. "चूक माझी आहे. मीच सांगतो त्यांना."

निरीक्षकबाई अकराला पाच कमी असताना आल्या. साध्या, दमलेल्या, बोलायला मऊ. पहाटे त्या दवाखान्यातच होत्या. त्यांनी डबा पाहिला, त्यावरचं रक्त पाहिलं, थोरल्याचा हात पाहिला, आणि काही न विचारता डबा पिशवीत घालून मोहोर लावली. थोरल्याने त्यांना सगळं सांगितलं. आप्पांपासून सांगितलं. अंगठा, पट्टा, बधिर बोटं, तीन वर्षं. मुलीचा काही दोष नाही, तिने बापावर विश्वास ठेवला, आणि यंत्र माझी मान हलली की चालतं, विचारा कोणालाही. जन्मात एवढं तो कोणाशी सलग बोलला नव्हता.

बाईंनी मधे तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "तपासणी तुम्ही करता, हे कुठे लिहिलेलं आहे?"

"लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

"परवान्याच्या कागदांत? कामाच्या वाटणीत? एखाद्या दिवशीच्या नोंदीत? कुठेतरी तुमची सही?"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने आत्याकडे. आप्पांच्या काळापासून हजारो डब्यांवरून अंगठा फिरला होता आणि त्याची कागदावर एक ओळ नव्हती. लिहिणं म्हणजे अंगठ्याचा अपमान, असं आप्पा म्हणायचे, आणि या घरात ते अभिमानाने सांगितलं जायचं.

"नाही," थोरला म्हणाला.

"तुम्ही खरं बोलताय, हे मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "मी तुमचा जबाब घेईन. पण मला नोंदीवरून जावं लागतं, आणि नोंदीवर तुम्ही नाहीच आहात हो." त्यांनी खाली पडलेली वही उचलली, पान काढलं आणि मुलीपुढे धरलं. "ही सही तुमची?"

"हो."

"हे आकडे मोजून लिहिलेत?"

"हो म्हण," धाकटा पुटपुटला. "मोजण्यात चूक झाली म्हण. चूक होते माणसाची."

मुलीने काकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही," ती म्हणाली. "न मोजता लिहिलेत. त्या दिवशीचे सगळे. आधीचेही बरेच."

आत्याने तोंडावर हात दाबला. बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल. पोलीस आमच्या कार्यालयातच आहेत. वही आणि डबा बरोबर घेते."

"किती वेळ लागेल?" आत्याने विचारलं. बाई दार उघडून धरून उभ्या राहिल्या.

मुलगी निघाली तसा थोरला पुढे झाला आणि त्याने तिचा हात धरला, चांगल्या हाताने, अगदी घट्ट, किंवा त्याला घट्ट वाटलं. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. ती तशीच त्याच्यासमोर उभी राहिली, त्याच्या शर्टाच्या बाहीवरचं रक्त बघत. मग ती हळूच म्हणाली, "येते बाबा."

त्याने मान हलवली आणि तो हात धरूनच उभा राहिला. दार वाजलं, जिन्यावर पावलं वाजली, खालून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी त्याची मूठ आवळलेलीच होती. धाकट्याने त्याला "दादा" म्हणून हाक मारली. तेव्हा त्याने खाली बघितलं, आणि आपल्या हातात काही नाही हे त्याला डोळ्यांनी कळलं.